लाल ठिपका नसलेले कार्ड

मेमरी कार्डाच्या पाकिटावर जे छापलेले असते ते विकणाऱ्याचे म्हणणे असते, आणि कोणाच्याही म्हणण्याचा लिसिआतेला पुरावा लागे. तोंगा या बेटांच्या देशात, नुकुअलोफाच्या बंदरातल्या एका वखारीत त्याने बावीस वर्षे वजनकाट्यावर काढली होती. खोबऱ्याच्या पोत्यांतली ओली वाळू, भोपळ्यांच्या पेट्यांच्या तळाशी लपवलेले दगड, हे सारे त्याच्या हातांखालून गेले होते. वखार बंद पडली तेव्हा त्याने एक कॅमेरा घेतला आणि फोलाहा गावातली लग्ने, अंत्यविधी, चर्चमधले सोहळे टिपू लागला. काटा सुटला, संशय सुटला नाही.

त्याची पद्धत ठरलेली होती. नवे कार्ड आणले की तो कॅमेरा स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळासमोर ठेवी आणि कार्ड गच्च भरेपर्यंत घड्याळाचे चित्रण चालू ठेवी. मग ते सगळे संगणकावर उघडून काटे कुठे उडी तर मारत नाहीत ना, हे तो पाहत बसे. कोरी भिंत टिपली असती तर मधला अर्धा तास गळाला तरी कळले नसते, कारण भिंत सकाळी दिसते तशीच दुपारी दिसते. कार्डांचे दोष त्याच्या मते दोनच. एक मंद असते: चित्र जितक्या वेगाने येते तितक्या वेगाने लिहून घेणे त्याला झेपत नाही, आणि कॅमेरा मध्येच थांबतो. हा दोष निदान उघड आहे. दुसरे लबाड असते: आत जागा थोडी आणि अंगावर आकडा मोठा. जागा संपली तरी ते कॅमेऱ्याला काही कळू देत नाही. पडद्यावर मिनिटे पुढे सरकत राहतात, टिपणारा निर्धास्त उभा असतो आणि आत काहीही उतरत नाही. या परीक्षेत उतरलेल्या कार्डाच्या कोपऱ्यात तो बायकोच्या नखरंगाचा एक लाल ठिपका लावी.

त्याची बायको तोकिलुपे म्हणे, "माझ्याशी लग्न करताना एवढं पाहिलं नव्हतंत."

"तेव्हा घड्याळ नव्हतं," तो म्हणे.

या काटेकोरपणाला कारण होते. फोलाहाची निम्मी माणसे ऑकलंडला आणि त्याहून लांब राहतात. गावात कोणी गेले किंवा कोणाचे लग्न झाले, तर त्यांच्यापर्यंत पोचते ते चित्रणच. ते रडणे पाहायला बसत नाहीत. कोणत्या घराने कोणती चटई आणली, झाडाची साल ठोकून केलेल्या रंगीत कापडाची घडी किती लांब उलगडली, ती कोणी धरली आणि कोणाच्या नंतर मांडली, हे ते पाहतात. ज्या घराचे मांडणे चित्रणात नाही ते घर रिकाम्या हातांनी आले, असा त्याचा अर्थ होतो. ही समजूत योग्य की अयोग्य, हा प्रश्न वेगळा आहे. ज्या समाजाची निम्मी माणसे डोळ्यांआड गेली आहेत त्याला आपला मान कुठेतरी साठवून ठेवावाच लागतो, आणि फोलाहाने तो नखाएवढ्या तुकड्यात साठवला होता.

आणि तीन वर्षांपूर्वी तिथेच घात झाला. म्हाताऱ्या मनासेच्या अंत्यविधीत जेवणाच्या सुट्टीआधी शेवटचे मांडणे वाइसिमाच्या घराचे होते. अकरा बायकांनी धरलेले सालीचे कापड अंगणभर उलगडले गेले; वाइसिमाने आणि तिच्या सुनांनी त्यासाठी आठ महिने साल ठोकली होती. सुट्टीत लिसिआतेने कार्ड बदलले. पुढचे सगळे व्यवस्थित आले. आधीच्या कार्डावर मात्र सव्वा तासानंतर काहीच नव्हते, आणि त्या काळ्या जागेत बरोबर वाइसिमाचेच मांडणे होते, दुसऱ्या कोणाचेही नाही.

वाइसिमाच्या मुलाने ऑकलंडहून फोन करून विचारले, "आई, आपण काही नेलं नव्हतं का?" दुसऱ्या दिवशी वाइसिमा लिसिआतेच्या दारात उभी राहिली.

"सगळ्यांचं आलं. माझंच कसं रे गेलं?"

"कार्ड खराब निघालं, वाइसिमाबाई."

"कार्डाला माझं घर बरं ओळखता आलं! तुझ्या बापाचं आणि माझ्या नवऱ्याचं बांधावरून वाजलं होतं, ते कार्डाला कुणी सांगितलं?"

गांगरून तो म्हणाला, "लिनबाईंच्या दुकानातलं कार्ड होतं."

हे वाक्य गावाला पुरले. लिनबाई वीस वर्षे फोलाहाच्या नाक्यावर दुकान चालवत होत्या, तोंगाची भाषा गावातल्या पोरांपेक्षा स्वच्छ बोलत होत्या, आणि शहरातल्या दंगलीत त्यांच्यासारख्या चिन्यांची दुकाने जळाली त्या वर्षापासून लोखंडी गजांआडून माल देत होत्या. त्यांच्याबद्दल काहीही खरे वाटायला गाव तयारच होते. कार्डे खोटी, म्हणजे साखरही कमी असणार, बॅटऱ्याही जुन्या असणार. शेजाऱ्यावर आळ घ्यायचा तर शेजाऱ्याकडे उद्या तोंड दाखवावे लागते. परक्यावर घेतलेला आळ कोणालाच महाग पडत नाही. वाइसिमाने मात्र तो मानला नाही. तिचा संशय लिसिआतेवर होता आणि तिथेच राहिला. हळूहळू गावातल्या कामांना शेजारच्या गावचा माणूस येऊ लागला.

एक प्रश्न लिसिआतेला स्वतःलाही पडायला हवा होता. लिनबाईंच्या दुकानातले प्रत्येक कार्ड तो घड्याळासमोर भरून पाहत होता. मग पास झालेले कार्ड नापास कसे झाले? त्याने उत्तर शोधले: ही कार्डे बनवतातच अशी, की परीक्षेत टिकावीत आणि कामात मरावीत. संशयाला एकदा जागा मिळाली की विरुद्ध पुरावाही त्याच्याच बाजूने साक्ष देऊ लागतो. ते कार्ड त्याने लिनबाईंविरुद्धचा पुरावा म्हणून पाकिटात घालून ठेवले.

यंदा त्याचा धाकटा भाऊ उआइसेले याचे लग्न ठरले, आणि नवरी निघाली वाइसिमाची नात सेलुवाइया. बोलणी करायला दोन्ही घरे बसली तेव्हा वाइसिमाने सर्वांसमोर सांगितले:

"चित्रण लिसिआतेच करू दे. नवऱ्याचा भाऊ आहे, त्याला बाजूला बसवलं तर लोक मला नावं ठेवतील. पण एक मिनिट जरी गळलं ना, तर चूक होती की मुद्दामची करणी होती, ते मला कळेल. आणि मला कळलं की गावाला कळेल."

लिसिआते मान खाली घालून बसला होता. त्याच्या शब्दाला गावात जे काही मोल उरले होते ते आता एका शनिवारावर आले होते.

लग्नाच्या आदल्या सोमवारी अकोसिता आत्या ऑकलंडहून आली. तोंगाच्या घरात वडिलांच्या बहिणीपेक्षा वर कोणी नसते. ती आली की उत्तम चटई तिच्या पायांखाली जाते आणि डुकराचा पहिला तुकडा तिच्या पानात. भाच्याने तिच्यासमोर उभे राहून बोलायचे नसते. बसून बोलायचे, तेही बेताने. आत्याने पेटी उघडून सहा कार्डे लिसिआतेच्या पुढ्यात टाकली.

"घे. दर वर्षी पाठवते तीच. तिथल्या शनिवारच्या बाजारात एक माणूस विकतो, मला ओळखतो आता. त्या चिनी बाईकडं जाऊ नकोस, एकदा तोंड काळं करून घेतलंस तेवढं पुरे."

"हो, आत्या." त्याने कार्डे दोन्ही हातांनी उचलली.

"लग्न माझ्याच कार्डावर घे. मी दिलेल्यावर माझ्या भाच्याचं लग्न, शोभेल."

"हो, आत्या."

घरी येऊन त्याने ती टेबलावर ठेवली. तोकिलुपेने घड्याळाकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"काय, लावायची नाहीत परीक्षेला?"

"आत्याची आहेत."

"म्हणून आत जास्त जागा असेल, नाही?"

"आत्यानं दिलेलं तपासायचं म्हणजे आत्यालाच तपासायचं. तुझ्या घरी चालत असेल."

"माझ्या घरी वजनकाट्यावरचं कुणी नव्हतं," ती म्हणाली. "एवढीच आत्याची कदर आहे तर आत्याच्या कार्डांना तो ठिपका तरी लावा. तपासल्याशिवायच लावा, मानाचा."

तो हसला नाही. ठिपका हा शब्द त्याच्या मनात कुठेतरी अडकला. त्याने कपाटातले जुने पाकीट काढले आणि तीन वर्षांपूर्वीचे कार्ड तळहातावर घेतले. पुढून पाहिले, उलटे करून पाहिले. चारही कोपरे काळे होते. लाल ठिपका नव्हता.

हे कार्ड या तीन वर्षांत त्याने किती जणांना दाखवले होते! दर वेळी ते त्याच्या डोळ्यांसमोर होते. लिनबाईंच्या दुकानातल्या एकाही कार्डाने ठिपक्याशिवाय त्याच्या कॅमेऱ्यात पाऊल टाकलेले नव्हते. ठिपका नसलेली कार्डे त्याच्या घरात एकाच वाटेने येत, आत्याकडून, आणि ती तो एरवी वाढदिवसांसारख्या अर्ध्या-पाऊण तासाच्या कामांना वापरी. मनासेच्या दिवशी घाईत हाताला आले ते उचलले होते.

"तोकिलुपे, पडदा ओढ," तो म्हणाला.

"दुपारी?"

"ओढ म्हणतो ना. कुणी आलं तर मी नाही."

घड्याळात दीड वाजला होता. त्याने आत्याच्या सहांपैकी एक कार्ड कॅमेऱ्यात घातले. आपण काहीतरी चोरत आहोत असे त्याला वाटत होते. दाराबाहेर कोणी खाकरले की तो कॅमेऱ्यापुढे उभा राही, आणि पुढे चित्रणात दोनदा घड्याळाऐवजी त्याची पाठच दिसली. साडेतीनला त्याने कॅमेरा बंद केला. संगणकावर पावणेतीनपर्यंत काटे शहाण्यासारखे चालले. त्यानंतर फायलींची नावे होती, आकडे होते, आत चित्र नव्हते. सव्वा तास, पाकिटातल्या कार्डाइतकाच, मिनिटभरही इकडेतिकडे नाही.

तोकिलुपे त्याच्या खांद्यावरून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लिनबाईंच्या दुकानात गेला. गजांसमोर चार-पाच गिऱ्हाईके होती, त्यांत वाइसिमाची थोरली सूनही पावासाठी उभी होती. लिसिआतेने हळूच कार्ड मागितले, व्हिडिओसाठीचे, वेगवान.

लिनबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "तुम्हाला कार्ड देणार नाही."

"का?"

"तीन वर्षं तुम्ही सांगताय लिनची कार्डं खोटी. आता भावाचं लग्न. काही बिघडलं की पुन्हा लिन. माझ्याकडं साबण आहे, तो न्या."

मागे कोणीतरी हसले.

तो गजांजवळ तोंड नेऊन म्हणाला, "लिनबाई, ते कार्ड तुमचं नव्हतं."

"मला माहीत आहे. यांना माहीत नाही." त्यांनी रांगेकडे हनुवटी केली. "यांना सांगा. मोठ्यानं."

त्याने वळून पाहिले. पाच चेहरे थांबले होते. तुमचे नव्हते, तर कोणाचे? पुढचा प्रश्न हाच येणार होता, आणि त्याचे उत्तर म्हणजे आत्याचे नाव. गप्प राहावे तर एका निरपराध बाईच्या डोक्यावरचा आळ आता जाणूनबुजून तिथेच ठेवला असे होणार होते. कालपर्यंत ती चूक होती, आजपासून तो अपराध होता. बोलावे तर जिच्यासमोर उभेही राहायचे नाही तिला पावाच्या रांगेत उघडे पाडणे. तो तसाच निघाला. पाठीमागे वाइसिमाची सून म्हणाली, "बघितलंत? काहीतरी आहे."

आत्या उआइसेलेच्या अंगणात चटया निवडत बसली होती. प्रत्येक चटई ती उन्हाकडे धरी, वीण पाही, उलटी करी आणि डाव्या किंवा उजव्या ढिगावर टाकी. लिसिआते तिच्यासमोर, चटईच्या बाहेर, मातीवर बसला.

"मातीत का बसलास? कुणी गेलं का?"

"आत्या, मी तुमचं कार्ड तपासलं."

तिचा हात थांबला. "माझं?"

"हो. पडदा ओढून." मग त्याने सगळे सांगितले; घड्याळ, सव्वा तास, पाकिटातले जुने कार्ड, लिनबाईंवर घेतलेला आळ. बोलताना तो तिच्या पायांकडे पाहत होता.

आत्याने हातातली चटई खाली ठेवली. मग तिने विचारले, "मी कुणाकुणाला दिलीत रे ही कार्डं?"

"चर्चच्या गायकांना. शाळेला. हाफोकाला आपले जे नातलग आहेत त्या सगळ्यांना."

"आणि कुणाचंच काही गेलं नाही?"

"गेलं असेल."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

उत्तरही आत्यानेच दिले.

"मान देत होतात मला. सगळे मिळून मान देत होतात, आणि मी दर शनिवारी जाऊन त्या चोराकडून कार्डं घेत होते. 'माझ्या घरच्यांना आवडतात,' असं सांगत होते त्याला! तो मनात किती हसला असेल." तिने समोरची चटई उचलून त्याच्यासमोर धरली. "ही चांगली आहे का?"

"चांगली आहे, आत्या."

"काठ उसवलाय, गाढवा. बघ. मी विचारलं की बघायचं. ऊठ."

"कुठं?"

"दुकानात."

तिने कमरेभोवती चारचौघांत जाताना नेसतात ती मानाची चटई गुंडाळली, दोरी आवळली आणि चालू लागली. रस्त्यावरची माणसे बाजूला होत होती. नाक्यावर येईपर्यंत त्यांच्यामागे सात-आठ जण झाले होते, आणि वाइसिमाची सून सासूला घेऊन आली होती.

आत्या गजांसमोर उभी राहिली. "लिन, मी लिसिआतेची आत्या. तीन वर्षांपूर्वी मनासेच्या दिवशी जे कार्ड मेलं ते तुझं नव्हतं. माझं होतं. मी आणलेलं. वाइसिमा, तूही ऐक, लांब का उभी आहेस? तुझं कापड माझ्या कार्डानं खाल्लं."

लिनबाईंनी मान हलवली. समाधानाचे कोणतेही चिन्ह त्यांच्या चेहऱ्यावर नव्हते.

"आता एक कार्ड दे, चांगलं," आत्या म्हणाली आणि गजांतून पन्नास पाआंगांची नोट आत सरकवली.

लिनबाईंनी नोट घेतली आणि सवयीप्रमाणे दिव्यासमोर धरली. एक बाजू पाहिली, दुसरी बाजू पाहिली, कडेवरून अंगठा फिरवला. आत्याची नोट! रांगेतल्या एका म्हाताऱ्याने तोंडावर हात नेला. लिसिआतेला वाटले, आता हिच्या हातून नोट हिसकावून घ्यावी. इतकी वर्षे त्याच्या नोटा अशाच दिव्यासमोर गेल्या होत्या आणि दर वेळी त्याला अपमान वाटला होता. कार्ड भरून पाहणारा आपला हात आणि हा हात एकच काम करतो, हे त्याला आज पहिल्यांदा दिसले.

"बघ, बघ," आत्या म्हणाली. "नीट बघ. माझ्यावर विश्वास ठेवून काय झालं ते ऐकलंस ना आत्ता."

लिनबाईंनी कार्ड पुढे केले. "भरून बघा," त्या लिसिआतेला म्हणाल्या. "नाही चाललं तर मलाच आणून द्या. गावाला नको."

घड्याळासमोर पूर्ण भरून झाल्यावर गुरुवारी त्या कार्डाला ठिपका लागला.

शनिवारी लग्न झाले. वाइसिमाच्या मागणीवरून एक नवी गोष्ट घडली: लिसिआतेच्या स्वयंपाकघरातले घड्याळ काढून मांडवाच्या खांबावर, नवरा-नवरीच्या मागे टांगण्यात आले, म्हणजे कॅमेरा जिथे वळेल तिथे ते कोपऱ्यात दिसावे आणि मधले एक मिनिटही कोणाला चोरता येऊ नये. सालीचे कापड उलगडले गेले तेव्हा बायका वाट देत नव्हत्या म्हणून आत्याने कोणाच्या तरी पाठीत कोपर मारले, तेही आले.

सोमवारी वाइसिमा चित्रण पाहायला लिसिआतेच्या घरी आली. पाच तास दहा मिनिटे ती एका जागी बसून होती. तोकिलुपेने दिलेल्या चहाला तिने हात लावला नाही. तिची नजर नातीवर कमी आणि काट्यांवर जास्त होती. आपल्या घराच्या कापडाजवळ ती थोडी पुढे झुकली. अकरा बायका अंगणात आल्या, कापड उलगडत गेले, शेवटची घडी जमिनीला टेकली. मनासेच्या दिवशीचे कापड मात्र कोणत्याही कार्डावर नव्हते आणि आता येणारही नव्हते; ते दोघांनाही ठाऊक होते.

चित्रण संपले. वाइसिमा उठली, गुडघे चोळले, दारापर्यंत गेली आणि वळली.

"सगळं आलंय," ती म्हणाली.

"हो."

"एक विचारू?"

"विचारा ना."

"त्या घड्याळाचे काटे कुणी लावले होते?"

लिसिआतेने तिच्याकडे पाहिले. मग खुर्ची ओढून तो भिंतीकडे गेला, परत टांगलेले घड्याळ काढले आणि तिच्या हातात दिले. तिने ते उलटे केले, मागची किल्ली फिरवून पाहिली, कानाशी नेले. लिसिआते दारात उभा राहिला आणि तिचे ऐकून होईपर्यंत थांबला.